सातपुड्याच्या पावसात सायकल: हवा खेळती ठेवणारं वॉटरप्रूफ जॅकेट कसं निवडावं

खान्देशातला पाऊस अंगाला गार लागत नाही, आणि जॅकेटची निवड इथूनच अवघड होते. जुलैत आडगावहून मनुदेवीकडे सायकल काढली, तर हवा २६-२७ अंशांची, दमट, आणि झाडीत शिरल्यावर वाऱ्याचा पत्ता नाही. चढाला लागलं की दहा मिनिटांत अंग भिजतं, आणि ते पावसानं नाही, घामानं. दुकानात आणि साइटवर दिसणारी चांगली माउंटन बायकिंगची जॅकेटं मात्र बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या आठ-दहा अंशांच्या बोचऱ्या पावसाचा विचार करून बनवलेली असतात. त्यांच्या लेबलवरचे आकडे खोटे नसतात, पण ते ज्या हवेत खरे ठरतात ती आपली हवा नाही. म्हणून माझं ठाम मत असं: आपल्याकडे जॅकेट घेताना आधी त्याच्या हवेच्या वाटा बघाव्यात, मग बेतणी, आणि कापडाचे आकडे सगळ्यात शेवटी.

आधी तुमचा पाऊस कुठला ते ठरवा

जळगावात मेहरूणच्या बाजूला किंवा धुळ्यात लळिंगच्या पायथ्याशी तास-दीड तास सायकल मारून घरी परतणाऱ्याला महागड्या जॅकेटची गरज नाही. धुळ्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. तिथे पावसाची सर येते आणि जाते, ऊन पडलं की जर्सी अंगावरच वाळते. अशा ठिकाणी मुठीएवढं होणारं पातळ विंडचीटर पुरतं आणि कित्येक दिवस तेही लागत नाही.

पाल, मनुदेवी किंवा पाटणादेवीच्या बाजूची जंगलवाट असेल तर चित्र बदलतं. संततधार असते, पण हवा उबदार असते. इथे हलकं, भरपूर झिपा असलेलं जॅकेट कामाचं, आणि तेही चढाला नाही तर थांबल्यावर आणि उतारावर.

तिसरा पाऊस तोरणमाळचा. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर ओलांडून घाट चढलात की सुमारे ११५० मीटर उंचीवर पोहोचता. वर धुकं, वारा आणि बारीक झड. घाट चढून आलेलं घामेजलेलं अंग वर वाऱ्यात पाच मिनिटं उभं राहिलं की कुडकुडायला लागतं, आणि तसंच उतरायला लागलं तर ब्रेकवरची बोटं आखडतात. घाटात बोटं आखडणं हा नुसत्या गैरसोयीचा प्रश्न नाही, जिवावर बेतणारी गोष्ट आहे. अक्राणी, अक्कलकुवा, नवापूरकडे पाऊसही जास्त. तिकडे नियमित जाणाऱ्यांनी खरं वॉटरप्रूफ जॅकेट घ्यावं आणि त्यासाठी पैसे बाजूला काढावेत.

हिवाळ्यासाठी म्हणून हे जॅकेट घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा दहाच्या खाली जातो हे खरं, पण तेव्हा पाऊस नसतो. त्या थंडीला साधं विंडचीटर आणि आत पातळ थर्मल बरं.

घाम बाहेर जातो कसा

वॉटरप्रूफ जॅकेटच्या कापडात एक अतिपातळ पडदा असतो. तो दोन प्रकारचा. एकात सूक्ष्म छिद्रं असतात. १९६९ साली बॉब गोअर यांनी पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक, ताणून जो पदार्थ बनवला, त्यातून गोअर-टेक्स आलं. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाला आत येऊ देत नाहीत, पण वाफेला बाहेर जाऊ देतात. दुसरा प्रकार पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा. बहुतेक पीयू पडद्यांना छिद्रं नसतात. तो आतल्या बाजूनं ओल शोषतो आणि बाहेरच्या बाजूनं सोडतो. मध्यम किमतीतली बरीचशी जॅकेटं याच जातीची.

पडदा कोणताही असो, तो घाम ढकलून बाहेर काढत नाही. आतल्या हवेत वाफ जास्त आणि बाहेरच्या हवेत कमी असेल तरच वाफ बाहेर सरकते. हा फरक बाष्पदाबात, म्हणजे हवेतल्या वाफेच्या दाबात, मोजता येतो. घामानं ओल्या, ३५ अंशांच्या त्वचेजवळचा बाष्पदाब साधारण ५६ मिलिबार असतो. बाहेर आठ अंशांचा गार पाऊस असेल आणि आर्द्रता ९० टक्के, तर बाहेरचा दाब भरतो १० मिलिबारच्या आसपास. फरक ४६. आता आपला जुलै घ्या: २७ अंश, तीच ९० टक्के आर्द्रता, बाहेरचा दाब ३२. फरक उरला २४. म्हणजे तेच जॅकेट, तोच माणूस, तोच चढ, पण घाम बाहेर नेणारा जोर निम्म्यावर आला. उंची वाढली, हवा गार झाली की हा जोर पुन्हा वाढतो. म्हणून तोरणमाळच्या पठारावर जे जॅकेट छान वागतं तेच खाली शहाद्याच्या बाजूला अंगाला चिकटतं.

लेबलवरचे आकडे किती मनावर घ्यावेत

पहिला आकडा पाणी अडवण्याचा. १०,००० मिमी म्हणजे कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर तितका दाब ते सहन करतं. नुसत्या पावसाच्या थेंबाला एवढी ताकद नसते. पण पाठपिशवीचे पट्टे खांद्यावर दाबतात, घासतात, आणि तिथून पाणी आत शिरतं. पिशवी न लावता दोन-तीन तास फिरणाऱ्याला १०,००० पुरे. पिशवी लावून दिवसभर पावसात राहणाऱ्यानं १५ ते २० हजार बघावं. त्यापुढच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

दुसरा आकडा वाफ सोडण्याचा, एमव्हीटीआर. एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ गेली ते. १०,००० ऐकायला मोठं वाटतं, पण हिशोब करून बघा. तासाला चौरस मीटरमागे सुमारे ४१७ ग्रॅम. जॅकेटचं कापड दीड चौरस मीटर धरलं तर तासाला सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि तेही प्रयोगशाळेतल्या सोयीच्या हवेत. दमट उन्हाळी हवेत जोरात चढ चढणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. वर पाहिलं तसं आपल्याकडे बाहेर नेणारा जोर निम्मा. उत्तर समोर आहे: कापड एकटं पुरं पडणार नाही.

शिवाय ही मोजणी करायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. एका कंपनीचे २०,००० आणि दुसरीचे २०,००० एकाच पद्धतीनं मोजलेले असतीलच असं नाही, त्यामुळे दोन ब्रँडची तुलना या आकड्यावर करू नका. आरईटी हा आकडा दिला असेल तर तो जास्त विश्वासाचा. तो कापडाचा वाफेला होणारा विरोध सांगतो, म्हणून कमी तितका चांगला. ६ च्या खाली असेल तर उत्तम, १३ पर्यंत चालेल, २० च्या पुढे असेल तर ते सायकलिंगचं कापडच नाही. स्कूटरवर घालायचा पीव्हीसीचा रेनकोट तर वाफ सोडतच नाही. तो घालून चढ चढू नका. आपल्या उकाड्यात अंगाची उष्णता कोंडून घेणं धोक्याचं आहे.

हवेच्या वाटा

पडदा जे करू शकत नाही ते झिप करते. शेतात निंदणीला बसलेल्या बाया डोक्यावर गोणपाटाची नाहीतर प्लॅस्टिकची खोळ घेतात, ती डोकं, खांदे आणि पाठ झाकते, पुढून-खालून मोकळी असते. भर पावसात दिवसभर काम होतं आणि अंग उबत नाही. सायकलच्या जॅकेटनं हेच करायचं: वरून पाणी अडवायचं आणि बाजूनं-खालून वारं खेळू द्यायचं.

काखेतल्या झिपा पहिल्या बघा. त्या किमान वीतभर लांब हव्यात, आणि काखेच्या नेमक्या मध्यात असण्यापेक्षा किंचित पुढच्या बाजूला उघडणाऱ्या असल्या तर जास्त चांगलं, कारण हँडल धरल्यावर वारा समोरून येतो. झिपेला दोन रनर असले की हवी तेवढीच ती उघडता येते. एका हातानं उघडते का ते बघा. उजव्या हातानं डावी झिप, डाव्या हातानं उजवी, जॅकेट अंगात असताना. ओल्या हातमोज्यांनी रनर सापडत नसेल तर त्याला दोरीचा तुकडा बांधून घ्या.

समोरच्या मुख्य झिपेलाही खालून उघडणारा दुसरा रनर असावा. चढावर मी खालून वीतभर आणि वरून छातीपर्यंत उघडं ठेवतो. पुढे वाकलेलं असल्यानं पोटाकडून फारसं पाणी येत नाही, आणि हवा मात्र आत शिरून मानेकडून बाहेर पडते. काही जॅकेटांना पाठीवर खांद्याखाली झडप असते. पाठपिशवी लावत असाल तर ती झाकली जाते आणि तिचा उपयोग उरत नाही. छातीच्या खिशांना आतून जाळीचं अस्तर असेल तर ते खिसे उघडून हवा घेता येते, पण मग त्यात मोबाईल ठेवता येत नाही. मला हा सौदा मान्य आहे, मोबाईल पिशवीत जाऊ शकतो.

मनगटाला वेल्क्रो हवा, नुसतं इलॅस्टिक नको. चढावर बाही सैल सोडून कोपरापर्यंत सारता आली पाहिजे आणि उतारावर घट्ट बांधता आली पाहिजे. कोपराच्या पुढचे हात उघडे राहिले की अंग किती थंड राहतं हे एकदा करून बघण्यासारखं आहे.

काखेत झिपा नसलेलं भारी कापडाचं जॅकेट आणि झिपा असलेलं साध्या कापडाचं जॅकेट एकाच किमतीत मिळत असेल, तर खान्देशात दुसरं घ्या.

किती थरांचं घ्यावं

टू-पॉइंट-फाइव्ह लेयर म्हणजे बाहेरचं कापड, पडदा आणि आतून पडद्यावर छापलेला पातळ लेप. वजन साधारण २०० ते ३५० ग्रॅम, घडी लहान, किंमत कमी. त्रास एकच, उघड्या हाताला आतून चिकटतं. आत पातळ बाह्यांची जर्सी किंवा उन्हाचे आर्म-स्लीव्ह घातले की तो त्रास बराच कमी होतो. थ्री-लेयरमध्ये पडद्याला आतून विणलेलं अस्तर चिकटवलेलं असतं. ते जास्त टिकतं, पिशवीच्या घर्षणाला पुरून उरतं, अंगाला कोरडं लागतं. वजन ३५० ते ५५० ग्रॅम. नावाजलेल्या विदेशी कंपन्यांचं असलं जॅकेट वीस हजारांच्या पुढे सहज जातं.

जॅकेट बराच वेळ पिशवीतच राहणार असेल, आणि आपल्याकडे ते राहतंच, तर पहिला प्रकार घ्या. तोरणमाळ, अस्तंब्याच्या बाजूला पावसात दिवस-दिवस काढणार असाल तर दुसरा. बाहेरचं कापड किती जाड हेही बघा. आपल्या वाटांना दोन्ही बाजूंनी बाभूळ आणि बोर असते. २० डेनियरचं तलम कापड बोरीच्या एका फांदीत फाटतं, ४० च्या पुढचं बऱ्यापैकी तग धरतं.

शिवणी आतून पट्टी चिकटवून बंद केलेल्या हव्यात, आणि त्याही सगळ्या. फक्त खांदा आणि हुडाच्या शिवणींना पट्टी असेल तर ते सरीपुरतं जॅकेट समजा.

माप सायकलवर बसून घ्या

आरशासमोर ताठ उभं राहून जॅकेट चांगलं दिसतं की नाही हे बघण्यात अर्थ नाही. ऑनलाइन मागवलं असेल तर लेबल न काढता घरात स्वतःची सायकल भिंतीला टेकवा, वर बसा, हँडल धरा आणि उतारावर बसतो तसे कोपर बाहेर काढून वाका. आता तीन ठिकाणी बघा. मनगट उघडं पडतंय का? पाठीमागून कमरेवर कापड वर सरकतंय का? खांद्याच्या पात्यांवर ताण येतोय का? पाठ पुढच्यापेक्षा लांब हवी, सीटवरून मागे सरकलं तरी झाकलेली राहील इतकी, पण सीटच्या टोकात अडकेल इतकी नाही. पुढून आखूड असावं, नाहीतर पोटाशी बोचका होतो.

घट्ट घेऊ नका. अंग आणि कापड यांच्यात हवा फिरायला जागा लागते. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलची अंगासरशी जॅकेटं आपल्या हवेत लगेच चिकटतात. फार ढगळही नको, उतारावर फडफडतं आणि फांद्यांत अडकतं.

हुड हेल्मेटवरून येणारा असेल तर हेल्मेट घालूनच बघा. मान वळवली की नजर अडते का, हा मुख्य प्रश्न. घाटात मागून एसटी येत असते, तेव्हा मागे वळून दिसलंच पाहिजे. गुंडाळून बांधता न येणारा हुड उतारावर वारा भरून मागे ओढतो. रंग भडक घ्या, पिवळा किंवा भगवा. धुक्यात काळं आणि जंगली हिरवं जॅकेट ट्रकवाल्याला दिसत नाही.

परत करायची मुदत संपण्याआधी दोन चाचण्या

पहिली वाफेची. काचेच्या पेल्यात गरम पाणी घ्या, उकळतं नको, चहाइतकं. जॅकेटचा खालचा कोपरा, आतली बाजू पाण्याकडे ठेवून, पेल्याच्या तोंडावर ताणून धरा आणि रबर बँड लावा. कापडाला पाणी लागता कामा नये. आता खोलीतलीच कोरडी स्टीलची वाटी (फ्रिजमधली नको, दमट हवेत तिच्यावर आपोआप दव धरतं) बुडाकडून त्या कापडावर हलकेच टेकवा. कापड वाफ सोडत असेल तर थोड्याच वेळात वाटीच्या बुडावर दव धरतं, बोट फिरवलं तर रेघ उमटते. शेजारी तसाच दुसरा पेला घेऊन त्यावर साध्या रेनकोटचं टोक बांधा आणि दुसरी तशीच वाटी ठेवा. ती कोरडीच राहते. दोन जॅकेटांतून एक निवडायचं असेल तर दोन्ही एकाच वेळी लावा आणि कुठल्या वाटीवर आधी दव येतं ते बघा. कंपनीच्या आकड्यांपेक्षा ही तुलना मला जास्त उपयोगाची वाटते.

दुसरी पाण्याची. बाहीवर तांब्यानं पाणी ओता. थेंब मोत्यांसारखे गोल होऊन घरंगळले पाहिजेत. पाणी पसरून कापड काळपट पडत असेल तर वरचा जलरोधक लेप कच्चा आहे. नव्या जॅकेटवर हे दिसलं तर परत पाठवा.

हा लेप, डीडब्ल्यूआर, पडद्याइतकाच महत्त्वाचा. तो गेला की बाहेरचं कापड पाणी पितं. पाणी आत येत नाही, पण ओल्या कापडावर पाण्याचा थर बसतो आणि वाफेची वाट बंद होते. मग आत घाम साचतो आणि माणसाला वाटतं जॅकेट गळतंय. पर्यावरणाच्या कारणानं कंपन्या आता फ्लोरिनविरहित लेपांकडे वळल्या आहेत. ते तेलकट घाणीला जुन्या लेपांपेक्षा लवकर दाद देतात, म्हणून धुणं आता जास्त गरजेचं झालंय.

वापरताना

आत सुती बनियन घालू नका, ते घाम धरून ठेवतं. पॉलिस्टरची जाळीदार जर्सी बरी. उबदार पावसात चढावर जॅकेट काढून पिशवीत ठेवा आणि खुशाल भिजा. वर पोहोचलात की अंग थंड पडायच्या आत घाला, मग उतरा. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडी जर्सी असेल तर माथ्यावर ती बदलून वर जॅकेट चढवा, तोरणमाळच्या उतारावर यासारखं सुख नाही. मागच्या चाकाला प्लॅस्टिकचा छोटा मडगार्ड लावा. काळ्या मातीचा चिखल पाठीवर बसला की तेवढं कापड निकामी होतं.

धुणं, वाळवणं आणि मे महिना

चिखल ओला असताना घासू नका, वाळू द्या, मऊ ब्रशनं झाडा. मग झिपा लावून, कोमट पाण्यात, निकवॅक्स किंवा ग्रेंजर्ससारख्या खास द्रवानं धुवा. ते नसेल तर अगदी थोडा साधा लिक्विड डिटर्जंट चालेल, पण फॅब्रिक कंडिशनर कधीही नाही, तो लेपावर थर चढवतो. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून खळबळून दोनदा जास्त काढा. पिळू नका, सावलीत टांगा. वाळल्यावर आतल्या लेबलवर इस्त्रीची खूण असेल तर वर सुती फडकं ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा. उष्णतेनं लेप पुन्हा उभारी धरतो आणि थेंब परत घरंगळायला लागतात. तरीही पाणी पसरत असेल तर जलरोधक स्प्रे मारायची वेळ झाली.

पावसाळा संपला की जॅकेट पूर्ण वाळवून, सैल घडी करून कपाटात ठेवा. पत्र्याच्या घरात माळ्यावर किंवा ट्रंकेत कोंबू नका. मे महिन्यात तिथे भट्टी होते. पीयूचा पडदा उष्णता आणि ओल यांनी हळूहळू विरतो, चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. एकदा असं झालं की दुरुस्ती नाही. काट्याचं भोक मात्र दुरुस्त होतं: जागा स्पिरिटनं पुसा, चिकटपट्टीचा तुकडा गोल कापा, कारण चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी सुटतात, आणि आतून-बाहेरून दोन्हीकडे दाबून एक रात्र वजनाखाली ठेवा. मे अखेरीस जॅकेट बाहेर काढून बाहीवर तांब्याभर पाणी ओतून बघा, म्हणजे लेप द्यायला पहिल्या पावसाआधी आठवडाभर हातात राहतो.